यकृताचे कोठार : अ जीवनसत्त्वाचा चयापचय आणि पोषणनीती

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर जिल्हा तमिळनाडूचे भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. कुरुवै, सांबा आणि ताळडी अशा भाताच्या तीन हंगामांभोवती येथील शेतीचे चक्र फिरते. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाच्या पाण्यावर या शेतीचा मोठा भाग अवलंबून आहे. मराठी वाचकाला मात्र तंजावर परिचित आहे ते भोसले घराण्याची राजधानी म्हणून. या घराण्यातील दुसरे सरफोजी महाराज (कारकीर्द १७९८ ते १८३२) विद्याव्यासंगी होते. वैद्यकात त्यांना विशेष रस होता. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य वैद्यक यांचा एकत्र अभ्यास होत असे. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन करण्यात आल्या आहेत.

त्या काळी जीवनसत्त्वांची कल्पनाही कोणाला नव्हती. तथापि रातांधळेपणा हा विकार आणि यकृत यांचा काही संबंध असावा, हे अनुभवाने ज्ञात झाले होते. सुश्रुतसंहितेत नक्तांध्यावर शेळीच्या यकृताचा उपयोग सांगितलेला आहे. प्राचीन इजिप्तच्या वैद्यकातही डोळ्यांच्या विकारावर यकृत वापरले जात असे. या उपचारामागील कारण विसाव्या शतकात स्पष्ट झाले. १९१३ मध्ये अमेरिकेत मॅककॉलम आणि डेव्हिस यांनी लोणी व अंड्याच्या बलकात वाढीस आवश्यक असा स्निग्धविद्राव्य घटक असल्याचे दाखविले. पुढे तोच घटक अ जीवनसत्त्व म्हणून ओळखला जाऊ लागला. १९३१ मध्ये पॉल कॅरर यांनी त्याची रासायनिक रचना निश्चित केली. १९३७ च्या त्यांच्या नोबेल पारितोषिकामागे या कार्याचाही वाटा होता.

यकृत हे रातांधळेपणावरील औषध ठरते, कारण ते या जीवनसत्त्वाचे शरीरातील मुख्य कोठार आहे. पुरेसे पोषण मिळणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातील अ जीवनसत्त्वाच्या एकूण साठ्यापैकी ७० ते ९० टक्के साठा यकृतात असतो. बालकांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाची मात्रा देण्याचा शासकीय कार्यक्रम याच वस्तुस्थितीवर उभा आहे. म्हणून या कार्यक्रमाचे यश आणि त्याच्या मर्यादा समजून घेण्यासाठी प्रथम या कोठाराचा कारभार समजून घेणे आवश्यक ठरते. हा कारभार विकरे, म्हणजेच एन्झाइमे, चालवितात.

अन्नापासून यकृतापर्यंत

आहारातून अ जीवनसत्त्व दोन रूपांत मिळते. दूध, लोणी, अंडी, मासे व यकृत या प्राणिज पदार्थांतून ते तयार स्वरूपात, मुख्यत्वे रेटिनिल एस्टर म्हणून मिळते. हिरव्या पालेभाज्या, गाजर, पिकलेला आंबा, पपई व लाल भोपळा यांतून मिळते ते बीटा-कॅरोटीन. हे जीवनसत्त्व नसून जीवनसत्त्वाचा कच्चा माल आहे.

आतड्यात रेटिनिल एस्टरचे विघटन होऊन रेटिनॉल मुक्त होते. बीटा-कॅरोटीनचा रेणू मात्र आतड्याच्या अस्तरपेशींत बीटा-कॅरोटीन ऑक्सिजिनेज या विकराकडून मध्यभागी तोडला जातो. त्यापासून रेटिनाल तयार होते आणि त्याचे पुढे रेटिनॉल बनते. तत्त्वतः बीटा-कॅरोटीनच्या एका रेणूपासून अ जीवनसत्त्वाचे दोन रेणू मिळावयास हवेत. प्रत्यक्षात भाजीच्या तंतुमय पेशींतून कॅरोटीन पूर्णपणे मुक्त होत नाही आणि त्याचे रूपांतरही अपुरे होते. त्यामुळे १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल मिळण्यासाठी किती बीटा-कॅरोटीन खावे लागते, याचे उत्तर काळानुसार बदलत गेले. पूर्वी हे प्रमाण ६ मायक्रोग्रॅम मानले जात असे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००१ मध्ये ते १२ धरले, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१० च्या शिफारशींत ८ धरले. विद्यार्थ्यांना निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळे आकडे आढळतात, त्याचे कारण हेच होय. याचा आर्थिक अर्थही महत्त्वाचा आहे. ६ ऐवजी १२ हे प्रमाण स्वीकारले, तर पालेभाजीच्या त्याच जुडीतून मिळणारे जीवनसत्त्व हिशेबात निम्मे होते.

शोषणासाठी जेवणात काही प्रमाणात स्निग्ध पदार्थ असणे आवश्यक असते. भात आणि पातळ कालवण एवढ्यावर भागविणाऱ्या गरीब कुटुंबातील बालकाला भाजी मिळाली, तरी तेलाअभावी तिच्यातील कॅरोटीनचा बराच भाग वाया जातो. पॉलिश केलेल्या तांदळात तर कॅरोटीन जवळजवळ नसतेच. भाताच्या कोठारात राहणाऱ्या बालकाचे यकृत रिकामे असू शकते, ते यामुळे. शेवग्याच्या शेंगेबरोबरच शेवग्याचा पाला खाण्याची तमिळ स्वयंपाकघरातील जुनी पद्धत या दृष्टीने मोलाची आहे, कारण हा पाला कॅरोटीनने समृद्ध असतो.

आतड्याच्या पेशींत रेटिनॉलचे पुन्हा एस्टर बनते आणि ते मेदाच्या सूक्ष्म कणांत भरले जाऊन लसिकेच्या मार्गाने रक्तात येते. या कणांच्या अवशेषांतील जीवनसत्त्वाचा मोठा भाग यकृत उचलून घेते.

साठवण आणि वितरण

यकृताच्या मुख्य पेशींत या एस्टरचे विघटन होऊन रेटिनॉल वेगळे होते. लगेच गरज नसेल, तर ते शेजारच्या तारकापेशींकडे जाते. या पेशींचे पहिले वर्णन १८७६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कुफर यांनी केले. मुख्य पेशींच्या तुलनेत त्यांची संख्या थोडी असते, पण यकृतातील अ जीवनसत्त्वाचा बहुतांश साठा त्यांच्यातील मेदाच्या थेंबांत असतो. रेटिनॉलचे साठवणयोग्य एस्टर बनविणाऱ्या विकराचे नाव लेसिथिन-रेटिनॉल असिलट्रान्सफरेज असे आहे. त्याचा उल्लेख संक्षेपाने एलआरएटी असा केला जातो. पुढील विवेचनात हे विकर म्हणजे कोठारात माल भरणारा अधिकारी आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरेसे आहे.

शरीराला गरज भासली की एस्टर-विघटक विकरे साठ्यातून रेटिनॉल मोकळे करतात. परंतु रेटिनॉल पाण्यात विरघळत नाही. रक्तातून प्रवास करण्यासाठी त्याला वाहन लागते. हे वाहन म्हणजे यकृतातच तयार होणारे रेटिनॉल-बंधक प्रथिन होय. ट्रान्सथायरेटिन हे दुसरे प्रथिन त्याला जोडले जाते. त्यामुळे हे छोटे वाहन मूत्रपिंडातून गळून जात नाही. बालकाला पुरेशी प्रथिने मिळत नसतील, तर यकृतात थोडाफार साठा असूनही तो डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. जस्ताची कमतरताही या वाहतुकीत अडथळा आणते. गोदामात धान्य आहे पण वाघिणी नाहीत, अशी ही स्थिती असते. म्हणूनच अ जीवनसत्त्वाचा विचार एकूण कुपोषणापासून वेगळा काढून करता येत नाही.

विनियोग आणि निचरा

रेटिनॉल हे मूलतः साठवणुकीचे आणि वाहतुकीचे रूप आहे. त्याचा प्रत्यक्ष वापर दोन रूपांत होतो. पहिले रूप रेटिनाल. रेटिनॉल डिहायड्रोजिनेज गटातील विकरे रेटिनॉलपासून ते बनवितात. नेत्रपटलात रेटिनालचा ऑप्सिन प्रथिनाशी संयोग होऊन मंद प्रकाशात पाहण्यासाठी लागणारे ऱ्होडॉप्सिन तयार होते. दृष्टीच्या या रसायनशास्त्रावरील संशोधनासाठी जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक इतरांसमवेत मिळाले. रेटिनॉल आणि रेटिनाल यांचे परस्परांत रूपांतर दोन्ही दिशांनी होऊ शकते.

दुसरे रूप रेटिनॉइक आम्ल. रेटिनाल डिहायड्रोजिनेज हे विकर रेटिनालपासून ते तयार करते. ही पायरी एकदिशा आहे. रेटिनॉइक आम्लापासून पुन्हा रेटिनॉल बनत नाही. हे आम्ल पेशीच्या केंद्रकातील विशिष्ट ग्राहींना जोडले जाऊन अनेक जनुकांचे कार्य चालू वा बंद करते. डोळे, श्वसनमार्ग व आतडी यांचे अस्तर निरोगी राखणे, रोगप्रतिकारशक्ती टिकविणे आणि गर्भाची वाढ योग्य दिशेने होणे, या सर्व बाबी त्यावर अवलंबून असतात. रातांधळेपणा हे कमतरतेचे ठळक लक्षण असले, तरी गोवर, अतिसार यांसारख्या संसर्गांत अशी बालके अधिक संख्येने का दगावतात, याचे स्पष्टीकरण रेटिनॉइक आम्लाच्या या कार्यात मिळते.

इतका प्रभावी पदार्थ शरीरात साचू देणे धोक्याचे असते. त्यामुळे त्याच्या निचऱ्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. सायटोक्रोम पी-४५० या मोठ्या विकरकुलातील सीवायपी-२६ हा गट रेटिनॉइक आम्लाचे ऑक्सिडीकरण करून ते निष्क्रिय करतो. पुढे त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडले जाऊन ते पित्तावाटे व मूत्रावाटे बाहेर टाकले जाते.

या व्यवस्थेतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचे स्वयंनियमन. रेटिनॉइक आम्ल वाढले की यकृतात दोन विकरांची निर्मिती वाढते. सीवायपी-२६ वाढल्याने निचरा वेगाने होतो आणि एलआरएटी वाढल्याने येणारे रेटिनॉल साठ्याकडे वळते. उलटपक्षी कमतरतेच्या काळात यकृतातील एलआरएटीचे कार्य जवळजवळ थांबते. आलेले जीवनसत्त्व कोठारात न जाता थेट वितरणासाठी उपलब्ध होते. सुगीत खरेदी करून साठा वाढवायचा आणि टंचाईत खरेदी थांबवून माल बाजारात सोडायचा, हे राखीव साठ्याचे तत्त्व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. यकृत त्याच तत्त्वाने चालते.

रक्तातील पातळी आणि खरा साठा

यातून मोजमापाची एक अडचण उद्भवते. यकृत रक्तातील रेटिनॉलची पातळी शक्य तोवर स्थिर राखते. साठा घटत असतानाही ही पातळी फारशी बदलत नाही. कोठार जवळजवळ रिकामे झाल्यावरच ती घसरते. राखीव साठ्यातून पुरवठा होत असताना बाजारभाव स्थिर दिसतात आणि साठा संपताच भडकतात, तसाच हा प्रकार आहे. रक्तात प्रतिलिटर ०.७० मायक्रोमोलपेक्षा कमी रेटिनॉल असणे ही कमतरतेची प्रचलित मर्यादा आहे. परंतु या मर्यादेच्या वर असलेले प्रत्येक बालक सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय संसर्गाच्या काळात यकृत रेटिनॉल-बंधक प्रथिन कमी प्रमाणात सोडते. त्यामुळे साठा पुरेसा असूनही तापलेल्या बालकाच्या रक्तात कमतरता दिसू शकते.

यकृतातील साठा अप्रत्यक्षपणे अजमावण्याची एक युक्ती आहे. साठा संपलेल्या यकृतात रिकामी वाहने, म्हणजे रेटिनॉल न जोडलेले बंधक प्रथिन, साचून राहते. अशा व्यक्तीला अ जीवनसत्त्वाची अल्प मात्रा दिली की ही वाहने तत्काळ भरून रक्तात येतात आणि सुमारे पाच तासांनी रक्तातील पातळी ठळकपणे वाढलेली दिसते. साठा पुरेसा असेल तर ही वाढ नगण्य असते. या सापेक्ष प्रतिसाद चाचणीचा पाया घालणाऱ्या संशोधकांत बार्बरा अंडरवुड यांचा समावेश होता. पुढे तमिळनाडूतील एका महत्त्वाच्या क्षेत्रप्रयोगातही त्यांचा सहभाग होता.

दक्षिण भारताचा अनुभव

दक्षिण भारतात अ जीवनसत्त्वाच्या अभावाचा अभ्यास जुना आहे. मद्रास येथील शासकीय नेत्र रुग्णालयाचे आर. ई. राइट यांनी बालकांचे बुबुळ मऊ होऊन फुटण्याच्या विकारावर, म्हणजे केरॅटोमलेशियावर, १९२० च्या दशकात लेखन केले. १९३७ मध्ये कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक डब्ल्यू. आर. आयक्रॉइड आणि राइट यांनी या विकारावर तांबड्या पामतेलाच्या उपयोगासंबंधीचा निबंध प्रसिद्ध केला. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली. मदुराई येथे डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७० च्या दशकात अशा बालकांसाठी पोषण पुनर्वसनाचे काम केले. १९७६ मध्ये त्यांनीच अरविंद नेत्र रुग्णालयाची स्थापना केली.

तंजावरला लागून असलेल्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यात डॉ. लक्ष्मी रहमतुल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या १५,४१९ बालकांचा त्यात समावेश होता. एका गटाला दर आठवड्याला ८,३३३ आंतरराष्ट्रीय एकके, म्हणजे २,५०० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व आणि त्याबरोबर ई जीवनसत्त्व देण्यात आले. दुसऱ्या गटाला केवळ ई जीवनसत्त्व देण्यात आले. वर्षभराच्या निरीक्षणात पहिल्या गटातील मृत्यूचा धोका ५४ टक्क्यांनी कमी आढळला. ही मात्रा प्रचंड नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. दिवसाच्या हिशेबाने ती सुमारे ३५७ मायक्रोग्रॅम होते, म्हणजे लहान बालकाच्या दैनंदिन गरजेइतकीच. रोजच्या जेवणातून मिळायला हवे होते तेवढेच या बालकांना आठवड्यातून एकदा मिळाले.

अन्यत्र मात्र निष्कर्ष वेगळे आले. इंडोनेशियातील आचे प्रांतात आल्फ्रेड सोमर आणि सहकाऱ्यांना १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूदरात ३४ टक्के घट आढळली होती. हैदराबाद परिसरातील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात, जो १९९० मध्येच प्रसिद्ध झाला, उल्लेखनीय फरक दिसला नाही. उत्तर प्रदेशात १९९९ ते २००४ या काळात सुमारे दहा लाख बालकांवर झालेल्या ‘देवता’ या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मृत्यूदरातील घट केवळ ४ टक्के होती आणि संख्याशास्त्रीय दृष्ट्या ती सिद्ध होत नव्हती.

या भिन्न निष्कर्षांमुळे विद्वानांत वाद झाले आणि ते मिटलेले नाहीत. वितरण प्रत्यक्षात किती पूर्ण झाले, गोवर लसीकरण कितपत पोहोचले होते, साप्ताहिक अल्प मात्रा आणि सहामाही मोठी मात्रा यांच्या परिणामांत फरक असतो का, असे अनेक मुद्दे त्यात आहेत. विकरांच्या कारभाराच्या आधारे मात्र एक गोष्ट सांगता येते. रिकाम्या कोठारात टाकलेला माल आणि भरलेल्या कोठारात टाकलेला माल यांचे परिणाम सारखे असू शकत नाहीत. साठा पुरेसा असेल तर नव्याने आलेले जीवनसत्त्व साठ्यात पडून राहते किंवा बाहेर टाकले जाते. त्यामुळे प्राण वाचण्यावर त्याचा वेगळा परिणाम दिसण्याचे कारण उरत नाही.

सहामाही मात्रेमागील गणित

भारतात पोषणजन्य अंधत्व टाळण्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. १ ते ५ वर्षे वयाच्या बालकांना दर सहा महिन्यांनी २ लाख आंतरराष्ट्रीय एकके देणे हा त्याचा आशय होता. १९९४ मध्ये तो ९ महिने ते ३ वर्षे या वयोगटापुरता मर्यादित करण्यात आला. २००६ मध्ये वयोमर्यादा पुन्हा ५ वर्षांपर्यंत वाढवून एकूण नऊ मात्रा निश्चित करण्यात आल्या. यातील पहिली मात्रा ९ व्या महिन्यात गोवरप्रतिबंधक लसीबरोबर १ लाख एककांची आणि पुढील प्रत्येक मात्रा २ लाख एककांची असते.

सहा महिन्यांचे अंतर कोठून आले? एक आंतरराष्ट्रीय एकक म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल. त्यामुळे २ लाख एकके म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम. २०२० च्या भारतीय शिफारशींनुसार १ ते ३ वर्षे वयाच्या बालकासाठी दैनंदिन शिफारस ३९० मायक्रोग्रॅम आहे. ६०,००० ला ३९० ने भागल्यास सुमारे १५४ दिवस येतात, म्हणजे पाच महिन्यांहून थोडे अधिक. प्रत्यक्षात सर्व मात्रा साठ्यात जात नाही. काही भाग शोषलाच जात नाही आणि काही लवकरच उत्सर्जित होतो. ती अवधीभर पुरावयाची असेल, तर उरलेला वाटा रोजच्या आहारातून येणे अपेक्षित आहे. मात्रा हा आहाराला पूरक आधार आहे. आहाराची जागा ती घेऊ शकत नाही.

ब किंवा क जीवनसत्त्वाच्या बाबतीत असा सहामाही कार्यक्रम आखता येणार नाही. पाण्यात विरघळणाऱ्या क जीवनसत्त्वाची जादा मात्रा शरीर लवकर बाहेर टाकते. वर्षातून दोनदा बालकाला चमचाभर द्रावण पाजून भागते, ते यकृतातील तारकापेशी आणि एलआरएटी यांच्यामुळेच.

अतिरेकाचा धोका

प्रत्येक कोठाराला क्षमता असते. साठवणुकीची आणि बंधक प्रथिनाची मर्यादा ओलांडली की रेटिनिल एस्टर वाहनाविना रक्तात फिरू लागतात आणि पेशींना इजा करतात. उत्तर ध्रुवाकडील प्रवासी अस्वलाचे यकृत खाऊन आजारी पडत, ते त्यातील अतिप्रचंड साठ्यामुळे. मात्रेनंतर काही बालकांना होणाऱ्या उलट्या व डोकेदुखी बहुधा तात्पुरत्या असतात. दीर्घकाळ अतिरिक्त मात्रा घेतल्यास मात्र यकृत व हाडे यांना हानी पोहोचते. गरोदरपणात तर जादा रेटिनॉल गर्भात व्यंग निर्माण करू शकते. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर स्त्रियांसाठी दिवसाला १०,००० एककांची कमाल मर्यादा घातली आहे. मुरमांवरील आयसोट्रेटिनॉइन हे औषध रेटिनॉइक आम्लाच्याच कुळातील असल्याने ते गरोदर स्त्रियांना वर्ज्य आहे. भाजीतील कॅरोटीनमुळे मात्र अशी विषबाधा होत नाही. शरीरातील साठा वाढला की आतड्यातील रूपांतर मंदावते.

मद्यपानाचा परिणाम या संदर्भात समजून घेण्यासारखा आहे. मद्यार्क आणि रेटिनॉल यांचे ऑक्सिडीकरण अंशतः एकाच प्रकारच्या डिहायड्रोजिनेज विकरांकडून होते, त्यामुळे त्यांच्यात स्पर्धा निर्माण होते. दीर्घकालीन मद्यपानाने सायटोक्रोम पी-४५० कुलातील आणखी एक विकर, सीवायपी-२ई१, वाढते आणि रेटिनॉइक आम्लाची नासाडी होते. परिणामी यकृतातील साठा आटतो. यकृताला वारंवार इजा झाल्यास तारकापेशी आपला साठा गमावतात आणि कोलॅजेन तयार करू लागतात. त्यातून यकृत तंतुमय व कठीण होत जाते. अशा रुग्णाला जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देणे धोक्याचे ठरते, कारण मद्यार्क आणि अ जीवनसत्त्व एकत्र आल्यास यकृताची हानी वाढते. कमतरता आहे आणि उपचाराला जागा कमी आहे, असा हा पेच असतो.

शिधा, तेल आणि ताट

तमिळनाडूने बालपोषणावर दीर्घकाळ लक्ष दिले आहे. के. कामराज यांच्या काळात, १९५६ मध्ये, शाळांत मध्यान्ह भोजन सुरू झाले. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्या शासनाने त्याचा विस्तार केला. या भोजनात पुढे अंड्याचा समावेश झाला. अ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने ही मोलाची भर होती, कारण अंड्यातून तयार रेटिनॉल, प्रथिने आणि स्निग्धांश एकत्र मिळतात. २००७ मध्ये राज्याने विशेष सार्वजनिक वितरण योजनेखाली रास्त दरात पामतेल देण्यास सुरुवात केली आणि त्यात अ व ड जीवनसत्त्वे मिसळण्यात आली.

येथे पामतेलाचा इतिहास पूर्ण वर्तुळात येतो. १९३७ मध्ये औषध म्हणून वापरलेले तांबडे पामतेल कॅरोटीनमुळेच तांबडे असते. बाजारातील शुद्ध पामतेल तयार होताना रंग व वास काढला जातो आणि त्याबरोबर कॅरोटीनही जाते. मग त्यात बाहेरून जीवनसत्त्व घालावे लागते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार पोषणवर्धित तेलात प्रतिग्रॅम ६ ते ९.९ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व असावे लागते. दिवसाला २० ग्रॅम तेल पोटात गेल्यास त्यातून १२० ते १९८ मायक्रोग्रॅम मिळू शकते. तळताना त्यातील काही भाग नष्ट होतो. दुधासाठीही अशीच मानके आहेत.

२०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षे वयोगटातील सुमारे १८ टक्के बालकांत अ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २० टक्के वा अधिक प्रमाण हा तीव्र सार्वजनिक आरोग्य प्रश्न मानला जातो. देशाची सरासरी त्या रेषेखाली असली, तरी राज्याराज्यांत मोठी तफावत होती. काही भागांत यकृते रिकामी आहेत, तर शहरी सुस्थित घरांत पोषणवर्धित तेल, पोषणवर्धित दूध, गोळ्या आणि सहामाही मात्रा हे सर्व एकाच बालकापर्यंत पोहोचू शकते. डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी आहारावर आधारित उपायांना प्राधान्य द्यावे, अशी भूमिका दीर्घकाळ मांडली. दुसऱ्या बाजूला, आहार सुधारेपर्यंत बालकांना अंधत्व व मृत्यूच्या धोक्यात ठेवता येणार नाही, हा युक्तिवादही तितकाच वजनदार आहे.

समारोप

या वादातून मार्ग काढताना किती मात्रा वाटल्या, हा निकष अपुरा ठरतो. बालकांच्या यकृतात साठा किती आहे, हा खरा निकष होय. ज्या जिल्ह्यांत साठा अपुरा आहे, तेथे नऊही मात्रा वेळेवर पोहोचणे आवश्यक आहे. गोवराचे लसीकरण चुकलेली बालके अनेकदा पहिल्या मात्रेलाही मुकतात, म्हणून त्यांचा शोध घेणे अगत्याचे आहे. जेथे आहार आणि पोषणवर्धित पदार्थ यांतून साठा पुरेसा झाला आहे, तेथे सरसकट मात्रा चालू ठेवण्याचा फेरविचार मोजमापाच्या आधारे करता येईल. दोन्ही ठिकाणी अंडी, दूध, पालेभाज्या आणि भाजीबरोबर थोडे तेल यांची उपलब्धता वाढविणे हाच टिकाऊ उपाय आहे.

तंजावर जिल्ह्यात पापनाशमजवळ तिरुप्पालैतुरै येथे नायक राजवटीतील विटांचे प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. सुगीचे धान्य टंचाईच्या दिवसांसाठी राखून ठेवण्याचे शहाणपण त्यामागे होते. यकृतातील विकरे प्रत्येक बालकाच्या शरीरात हेच काम करतात. पण कोठार स्वतः धान्य पिकवीत नाही. ते भरण्याची जबाबदारी शेतीची, बाजाराची, शिधावाटपाची आणि अंगणवाडीची आहे. ती पार पडली तरच भाताच्या कोठारात वाढणाऱ्या बालकाला संध्याकाळी दिवेलागणीनंतरही घरची वाट स्पष्ट दिसेल.